टाकळा रानात उगवत नाही

जून संपत आला की पहिला टाकळा माझ्या फोनवर उगवतो. ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणीतरी पानांचा फोटो टाकतं, त्याखाली 'आज आमच्याकडे रानभाजी!' आणि हिरव्या बदामांची रांग. मग कुणी सांगतं की हे सुपरफूड आहे, कुणी सांगतं की शहरी लोकांना याची किंमत नाही, आणि ऑगस्टपर्यंत गाडी कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवाशी येऊन थांबते. २०२० पासून जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या आगेमागे हे महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. टेबलावर पांढरं कापड, कागदी ताटलीत जुडी, पुढे नावाची पाटी, मागे बॅनर. बॅनरवर जंगलाचं चित्र.

माझी हरकत त्या चित्राला आहे. टाकळा जंगलात उगवत नाही. दाट झाडीखाली तुम्ही दिवसभर शोधलात तरी तो सापडणार नाही, कारण सावली त्याला सोसत नाही. तो उगवतो रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, गुरांनी चरून चरून बोडक्या केलेल्या माळावर, रुळांशेजारच्या खडीत आणि आमच्या भिवंडीत बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याच्या अंगणात. जंगलाच्या कडेला, झाडं तोडलेल्या जागी येतो, पण तिथेही कुऱ्हाड आधी आलेली असते. माणसानं किंवा गुरानं जमीन उकरली, तुडवली, उघडी पाडली की पुढच्या पावसात हा हजर.

'रानभाजी' हा शब्द बोलायला सोपा आहे, मी स्वतःही तो वापरतो, आणि आईला तो शब्द सोडा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. पण सरकारी कागदावर आणि शहरी कौतुकात हा शब्द एक वेगळं काम करतो. भाजी रानातली म्हटली की तिची काळजी वनखात्याची, तिचं श्रेय निसर्गाचं. मग ती प्रत्यक्षात ज्या जमिनीवर येते, त्या बेवारस, पडीक, 'रिकाम्या' जमिनीबद्दल कुणी बोलायची गरज उरत नाही. आमच्या तालुक्यात बोलायला हवं ते नेमकं त्या जमिनीबद्दल.

आधी झाडाची नीट ओळख करून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या स्वभावातून निघतो.

टाकळा शेंगवर्गातला. विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, हिंदीत चकवड किंवा पवाड, तुळूत तजंक. (तरवड वेगळा. तो याचाच भाऊबंद, पण झुडूप.) संस्कृतातली नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न, दोन्हींचा रोख गजकर्णाकडे, अंगावर उठणाऱ्या त्या गोल चकंदळाकडे. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला कॅसिया टोरा म्हटलं, रॉक्सबर्गच्या १८३२ च्या 'फ्लोरा इंडिका'त तो सेन्ना टोरा झाला. त्याच्यासारखीच दिसणारी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया ही दुसरी जात आहे. बरीच वर्षं दोन्ही एकच मानल्या गेल्या, आणि बियांच्या व्यापारात आजही कुणी त्या वेगळ्या काढत बसत नाही.

गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं वाढणारं, एकाच पावसाचं झाड. एका पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं बोथट. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. पान चुरगळलं की उग्र वास येतो. या वासामुळे गुरं हिरवा टाकळा सहसा तोंडात घेत नाहीत, म्हणूनच जिथे बाकी सगळं चरून संपलं तिथे हा एकटा मजेत उभा असतो. सप्टेंबरच्या सुमाराला पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं. फुलात मध नाही. परागकोश बाजूनं फाटत नाहीत, टोकाच्या भोकांतून पराग सोडतात, त्यामुळे भुंग्यासारख्या माशीला फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवावे लागतात, तेव्हा कुठे पराग सांडतो. पिवळी फुलपाखरं याच्या पानांवर अंडी घालतात. मग विळ्यासारख्या वाकड्या, बारीक, लांब शेंगा आणि त्यांत तकतकीत तपकिरी, कापल्यासारख्या कडांच्या बिया. बीचं कवच इतकं कठीण की सगळ्या बिया एका पावसात उगवत नाहीत. काही पुढच्या वर्षासाठी, काही त्याच्याही पुढच्या वर्षासाठी जमिनीत पडून राहतात. मी संगणकाचा माणूस, मला हा बॅकअपचा प्रकार फार आवडतो.

आता याच्या कौतुकात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. त्यांतली एक तर सरळ चुकीची आहे. टाकळा शेंगवर्गीय, म्हणून तो मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत घालतो, असं पत्रकांत छापून येतं. शेंगवर्गातली सगळी झाडं हे करत नाहीत. सेन्ना कुळीच्या मुळांवर त्या गाठी येतच नाहीत. उपटून बघा, मूळ गुळगुळीत निघतं. त्याचा पाला चिखलात गाडला तर खत होतं हे खरं, पण ते जमिनीतून उचललेलंच परत देणं आहे. दुसरी गोष्ट, लोह आणि कॅल्शियम. पालेभाजी आहे, ते असणारच. पण पालेभाजीतलं लोह अंगाला थोडंच लागतं, वरून लिंबू पिळलं तर जरा जास्त. ज्या पाड्यावरच्या बायका ही भाजी विकतात त्यांच्यात रक्तक्षय भरपूर आहे, आणि त्यांनी टाकळा कमी खाल्ला म्हणून तो झालेला नाही. सुपरफूड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर बरं.

तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही, आणि ती जिवाची आहे. टाकळ्याचा एक सख्खा नातेवाईक त्याच्याच शेजारी उगवतो. कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. काही ठिकाणी त्याला रानटाकळाही म्हणतात, म्हणजे घोळ नावापासूनच. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी मुलं मोठ्या संख्येनं दगावली. जपानी मेंदूज्वर हे एक कारण सांगितलं गेलं, पण विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांच्या तपासातून बऱ्याच मुलांच्या बाबतीत बोट कासविंद्याच्या बियांकडे गेलं. त्याआधी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या लहान मुलांच्या अशाच गूढ आजाराचा माग तिथल्या डॉक्टरांनी याच शेंगांपर्यंत नेला होता. भुकेली मुलं खेळता खेळता बिया खातात, आणि यकृत, स्नायू, मेंदू एकदमच निकामी होऊ लागतात. ओळखायची खूण साधी आहे: कासविंद्याच्या पानात चार-पाच जोड्या असतात आणि पर्णिकांची टोकं अणकुचीदार. टाकळ्यात तीन जोड्या, टोकं बोथट. भाजी विकणाऱ्या बाईला हे डोळे मिटून कळतं. इंटरनेटवर रेसिपी वाचून शनिवारी भाजी खुडायला निघालेल्या माझ्यासारख्याला कळेलच असं नाही. महोत्सवाच्या पाटीवर 'जीवनसत्त्वांनी भरपूर' असं लिहायला जागा असते, ही एक ओळ लिहायला नसते.

याच कासविंद्यावरून टाकळ्याच्या दुसऱ्या बाजाराकडे जाता येतं. हा बाजार आपल्याला दिसत नाही, कारण तो बियांचा आहे. दिवाळीनंतर शेंगा वाळतात, त्या झोडपून बी काढतात. गिरणीत बीचं साल आणि अंकुर वेगळे करून मधला गाभा दळला की कॅसिया गोंद मिळतो. गवारीच्या गोंदाचाच हा चुलतभाऊ. नुसता पाण्यात टाकला तर पाणी दाट करतो, पण समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅराजीनानबरोबर शिजवला तर घट्ट जेली होते. डब्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात मांसाचे तुकडे रश्शात आकार धरून राहतात ते अशा गोंदांमुळे. युरोपनं २०१० मध्ये माणसांच्या खाण्यातल्या वापरालाही परवानगी दिली, त्याचा क्रमांक ई ४२७. त्या परवानगीला एक स्पेसिफिकेशन जोडलेलं आहे: मालात कासविंद्याचा अंश ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी हवा, आणि अँथ्राक्विनोन नावाची जी रेचक द्रव्यं या कुळीत असतात ती किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नकोत.

माझा रोजचा धंदा स्पेसिफिकेशन वाचण्याचा आहे. चांगलं स्पेसिफिकेशन म्हणजे कुणीतरी, कुणाच्या तरी जिवाचा आधीच विचार केलेला असतो. तिकडच्या आइस्क्रीमसाठी तो झालाय. तीन बत्तीच्या भाजीबाजारात दहा-वीस रुपयांना वाटा घेणाऱ्या माणसासाठी, आणि तो वाटा लावणाऱ्या बाईसाठी, अशी एक ओळ कुठल्याही खात्यानं लिहिलेली नाही.

बी गोळा करणाऱ्याला काय मिळतं तेही सांगतो. केंद्राच्या गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत हे बी 'पुवाड' या नावानं आहे. २०२० मध्ये त्याचा दर किलोला १४ रुपयांवरून १६ रुपये केला. एका बीचं वजन पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे किलोत चाळीस हजार बिया, म्हणजे रुपयाला अडीच हजार. शिवाय यादीचं नावच बघा: गौण वनोपज. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर आदिवासींना मालकी दिली, फार मोठी गोष्ट झाली, पण ती वनजमिनीवर. हे झाड येतं हायवेच्या कडेला आणि गायरानात. जिथे ते फारसं येत नाही तिथे हक्क, आणि जिथे येतं तिथे तुम्ही अतिक्रमण करणारे. टाकळ्याला रानातला म्हटल्यानं झालेला हा सगळ्यात महाग गोंधळ आहे.

इथे भिवंडीचा भूगोल सांगायला हवा, कारण बाहेरच्यांना भिवंडी म्हणजे यंत्रमाग एवढंच ठाऊक असतं. शहर मागांचं आहे हे खरंच. (जाता जाता: दक्षिणेत निळीचे हौद आंबवायला टाकळ्याच्याच बिया शिजवून घालत. कापडाच्या या गावात टाकळ्याला तोही मान मिळाला नाही, इथे सगळा रासायनिक रंग.) पण शहराभोवती खाडीकाठची भातशेती, आगरी-कोळ्यांची गावं, आणि पडघा, वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे वारली, मल्हार कोळी, कातकऱ्यांचे पाडे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानकोली, राहनाळ, काल्हेर, दापोडे, पूर्णा, वडपे या पट्ट्यात गोदामं आली आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तर विचारायला नको. तुमच्या मुंबई-ठाण्यातल्या दारात आज संध्याकाळी येणारं खोकं बहुधा काल रात्री इथे पडून होतं. मी ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहितो त्यातलं बरंचसं अशा खोक्यांचा हिशेब ठेवण्यासाठीच असतं, तेव्हा गोदामांवर नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण गोदामाला लागते सपाट, भर घातलेली, काँक्रीटची जमीन, आणि ती येते भाताची खाचरं, बांध, गुरचरण आणि माळ यांतून. उरलेल्या कडेकडेच्या पट्ट्यांवर कंपाउंड स्वच्छ दिसावं म्हणून पावसाळा सुरू होताच तणनाशक मारतात. कृषीच्या पुस्तकात टाकळा तण आहेच. अमेरिकेत सोयाबीन आणि कापसात त्याचं भावंड मोठी डोकेदुखी आहे, त्यांचं ते बरोबर असेल. इथे गोदामाच्या कुंपणाबाहेर कुठलं पीक उभं आहे, ज्याला टाकळ्यापासून वाचवायचंय?

गंमत अशी की तण म्हणून मारतो तेच झाड दुसरीकडे तण मारायला मुद्दाम पेरतात. गाजरगवत हटवायचं तर पावसाच्या तोंडाला तिथे टाकळ्याचं बी फेका, अशी शिफारस जबलपूरच्या तण संशोधन संस्थेची आहे. टाकळा दाटीनं उगवतो आणि गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. भिवंडीत गाजरगवताला तोटा नाही.

पडीक जमीन गेली तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांसाठी एक वेळापत्रक देतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. भिवंडीच्या आसपास भट्ट्या भरपूर. पाऊस आला की भट्टी बंद, माणसं पाड्यावर परत. हिशेब बहुतेकदा अंगावर बाकी दाखवतो, हातात रोख नसते. भातलावणीची मजुरी सुरू व्हायला अजून अवकाश असतो, आणि बऱ्याच जणांकडे स्वतःची लावणी करायला जमीनच नाही. या मधल्या तीन-चार आठवड्यांत, काहीही न पेरता, न विकत घेता, कुणाची परवानगी न घेता जे पहिलं विकण्याजोगं उगवतं ते टाकळा. पोटालाही तोच आणि मिठा-तेलाच्या पैशालाही तोच. बाजारात एका मावशींना मी विचारलं होतं, "मावशी, हा घराजवळ लावत का नाही?" त्या हसल्या. "दादा, ह्यो काय लावायचा? पाऊस परला का येतंच." शेजारची बाई म्हणाली, "लावला तं मालक मंगंल ना." लावला तर मालक मागेल. तिची अडचण एवढ्यात आली.

आणि म्हणून मी लागवडीच्या बाजूनं नाही. हे वाचून मला लगेच पत्रं येतील, कारण सध्या दर दुसऱ्या परिसंवादाचा ठराव 'रानभाज्यांच्या लागवडीला प्रोत्साहन द्यावे' असाच असतो. तर आधी हे मान्य करतो की टाकळ्याची लागवड होते, आणि सोपी आहे. बी गरम पाण्यात बुडवून किंवा जाड वाळूत घासून कवच थोडं कमकुवत करायचं, पावसाच्या सुरुवातीला ओळीत किंवा फेकून पेरायचं, खताची मागणी नाही, किडीचा त्रास नगण्य. तीन-चार आठवड्यांत शेंडे खुडायला येतात, खुडले की फुटवे फुटतात. बियांसाठी ठेवला तर दिवाळीनंतर काढायचा. चीन आणि कोरियात ऑब्ट्युसिफोलियाची रीतसर शेती आहे. भाजलेल्या बियांचा चहा तिकडे घरोघरी पितात, जपानातही. तेव्हा 'रानभाजी शेतात येत नाही' वगैरे भावुक मुद्दा माझा नाही. तो येईल, आणि उत्तम येईल.

अडचण हीच आहे. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे तो उत्तम येईल. ज्याच्याकडे पाणीही आहे तो मे महिन्यातच काढेल, टेम्पोत घालून वाशीला नेईल, आणि पहिल्या पावसाच्या नवलाईचा जो भाव असतो तो खाऊन टाकेल. मग जूनच्या शेवटी पाटी घेऊन येणाऱ्या बाईच्या वाट्याला उतरलेला दर. करटोलीकडे बघा. तीही रानातून यायची. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं 'इंदिरा कंकोडा-१' हा वाण काढला, आता मांडवावर करटोलीची शेती होते आणि शेतकऱ्याला चांगला पैसा मिळतो. मला त्याचा आनंदच आहे. पण तो पैसा मांडव घालू शकणाऱ्याचा. वेल शोधत झाडीत फिरणाऱ्यांना त्या यशकथेत मी अजून पाहिलेलं नाही. टाकळ्याचं तर पिकवण्याइतकंही कौशल्य नको. त्याची सगळी किंमत त्याला मालक नसण्यात आहे. आमच्या क्षेत्रात मुक्त सॉफ्टवेअरवर कुंपण घालून ते परत विकणाऱ्या कंपन्यांबद्दल तावातावानं बोलणारे मित्र मला आहेत. त्यांना हा मुद्दा दोन मिनिटांत कळला.

लागवडवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि तो स्वच्छतेचा. नाशिक हायवेच्या कडेच्या टाकळ्यावर दिवसरात्र ट्रकांचा धूर बसतो. पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं तरी मातीतलं शिसं असं तारीख बघून जात नाही, आणि टायर, ब्रेक, बॅटऱ्यांचा चुरा रोज नव्यानं पडतो. कामवारीच्या काठाला सायझिंग आणि डाइंगचं पाणी. तिथली भाजी धुतली तर वरची धूळ जाईल, मुळांनी उचललेलं जाणार नाही. पेरलेल्या शेतातली भाजी याहून सुरक्षित असेल, अगदी मान्य. पण मग मला सांगा, मातीची तपासणी करणारी यंत्रणा नाही का आपल्याकडे? आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही. आणि पत्रिका निघते शेतकऱ्याच्या नावानं, गट नंबरावर. गायरानाला, हायवेच्या पट्ट्याला, पाड्याभोवतीच्या माळाला पत्रिका नाही, कारण त्यांना नाव नाही. म्हणजे ज्या जमिनीवरची भाजी सगळ्यात गरीब माणूस खातो, ती जमीन तपासणीच्या बाहेर, आणि त्यावरचा उपाय म्हणून आपण त्या माणसाला म्हणतो, तू आधी जमीनमालक हो.

मला हवंय ते अवघड नाही. पडघा-वज्रेश्वरी पट्ट्यातल्या पाड्यांवर जाऊन बायकांना विचारायचं, खुडता कुठे. वीस-पंचवीस जागा निघतील. त्या जागांची माती आणि त्यावरचा टाकळा शिसं-कॅडमियमसाठी तपासायचा, निकाल पाड्यावर मराठीत लावायचा. ज्या जागा स्वच्छ निघतील त्या गायरान असोत की गावठाण, ग्रामसभेच्या नोंदीत 'सार्वजनिक खुडणीची जागा' म्हणून लिहायच्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना बजावलंय. त्या निकालाचा वापर आजवर गरिबांची झोपडी हटवायला झाला तेवढा माळ वाचवायला झालेला माझ्या पाहण्यात नाही. जून-जुलैत त्या जागांवर आणि रस्त्यांच्या कडांवर तणनाशक बंद. ज्या जागा खराब निघतील तिथे टाकळा उगवू दे, गाजरगवतापेक्षा बराच, पण तिथे खुडू नका अशी पाटी लावा आणि त्या बायकांना दुसरी जागा दाखवा. कुणी आपल्या घरामागच्या चार वाफ्यांत तो लावत असेल, पाड्यावरच्या बायका मिळून एखादा तुकडा राखत असतील, त्याला माझा विरोध असायचं कारण नाही. योजना, अनुदान आणि वाण त्यांच्या नावानं येत नाहीत, एवढीच तक्रार.

राहता राहिला बाजार. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करा म्हणतो. जी बाई वर्षात सहा आठवडे बसते ती सर्वेक्षणाच्या दिवशी भट्टीवर असते, त्यामुळे तिचं नाव यादीत नाही, आणि नाव नाही म्हणून फूटपाथवरून उठवायला ती सगळ्यात सोयीची. तिला जून ते ऑगस्टचा हंगामी परवाना द्या, बाजारफी माफ करा, पावसात बसायला ताडपत्रीची एक ओळ द्या. महोत्सवाचा खर्च एका वर्षापुरता इकडे वळवला तरी भागेल. आणि महोत्सव हवाच असेल तर तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, बाजारातच घ्या. ९ ऑगस्टपर्यंत टाकळ्याची पानं राठ आणि कडू झालेली असतात. ज्यांच्या नावानं तो दिवस साजरा होतो त्या बायका तोवर विक्री संपवून लावणीच्या चिखलात उतरलेल्या असतात, आणि टेबलावर ठेवायला कुणालातरी कोवळ्या जुडीच्या शोधात गाडी घेऊन पाठवावं लागतं.